पाण्याला वळसा

घाटापलीकडच्या दाट जंगलात लहानाची मोठी झालेली एक हरिणी आपल्या माळरानाकडे परत निघाली, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर एक काठोकाठ भरलेले तळे होते. तळ्याच्या काठावर आई उभी असेल, थोरली ताई शेजारी चरत असेल आणि आपली चाहूल लागताच दोघी एकदमच कान टवकारतील, असे चित्र तिने वाटभर मनात रंगवले होते. घाट उतरून ती माळावर आली आणि जागीच थबकली. तळे होते, पण त्यात पाणी नव्हते. भेगाळलेल्या मातीच्या मधोमध चिखलाच्याच रंगाचे एक डबके तेवढे उरले होते आणि सगळा कळप त्याभोवती गोळा झाला होता. त्यात ताई होती. आई नव्हती.

मुलांनो, ही हरिणी मूळची याच माळावरची. पाडस असताना तिचा एक पाय दुखावला होता, आणि नेमक्या त्याच वेळी कळपाला लांबच्या वाटेला लागायचे होते. तेव्हा आईने तिला हळूहळू चालवत घाटावर नेले आणि पलीकडच्या चितळांच्या स्वाधीन केले. "पाय बरा झाला की ये," एवढेच सांगून आई परतली होती. पाय महिन्याभरात बरा झाला, पण तोवर तिला त्या जंगलाची गोडी लागली. तिथे भरपूर सावली होती, शिकायला पुष्कळ होते. कोणते फळ कधी पिकते हे ती माकडांकडून शिकली. वाऱ्याची दिशा ओळखायला चितळांनी शिकवले. एका कडक उन्हाळ्यात तिथली नदी आटली, तेव्हा हत्ती कोरड्या पात्रात पायांनी वाळू उकरत आणि त्या खड्ड्यांत पाणी झिरपून वर येई, ते पाहायला ती रोज जाऊन उभी राही. हे सगळे आपल्या कळपाला सांगायचे, आपला माळ सुखी करायचा, असे मनाशी घोकतच ती आता आली होती.

तिने आईबद्दल विचारले. ताईने मान ताठ केली.

"आई धावेत गेली," ताई म्हणाली. "पार उतारापर्यंत पोचली होती. शेवटपर्यंत पाण्याकडे वळून पाहिलं नाही तिने."

आजूबाजूच्या हरणांनी आदराने माना खाली घातल्या. हरिणीला काही उमगेना. धावता धावता कोणी जाते कसे, आणि पाण्याकडे न पाहण्यात एवढा अभिमान कसला?

मग तिला हळूहळू सगळे कळले. माळावरच्या हरणांची एक रीत होती. उन्हाळ्यात तळे आटत आले की कळपाने मुक्काम नदीच्या डोहावर हलवायचा. डोह एवढा लांब, की पहाटे निघालेला कळप दिवस मावळताना तिथे पोचे. आधी धडधाकट हरणे जात. ती सुखरूप गेली की त्यांच्या मागोमाग, दोन दिवसांनी, म्हातारी हरणे दूध सुटलेल्या पाडसांना घेऊन निघत. आणि ही सगळी धाव कोरडी करायची असे. वाटेत पाण्याला तोंड लावायचे नाही. निम्म्या वाटेवर एक ओढा होता. त्याच्या करंजाखालच्या डबक्यात भर उन्हाळ्यातही थोडे पाणी राहत असे. पण कळप त्या ओढ्याच्या जवळपासही जात नसे. खडकाळ रानातून लांबच लांब वळसा घालून, एका उतारावरून तो पुढे निघून जाई. दरवर्षी त्या वळशात एखाददुसरे हरीण कोसळे. बाकीचे म्हणत, उन्हाने नेले.

हरिणीला राहवले नाही. संध्याकाळी कळप बसला असताना ती मधोमध जाऊन उभी राहिली आणि बोलू लागली. पाणी हेच धावणाऱ्याचे बळ, घाटापलीकडे कोणी तहानलेले पळत नाही, ही रीत उद्यापासूनच बंद केली पाहिजे, असे ती पोटतिडकीने सांगत होती. तिचा आवाज चढला, डोळे चमकू लागले. तिचे खूप वेळ बोलून झाल्यावर कळपाची म्होरकी असलेली थोरली आत्या रवंथ थांबवून म्हणाली, "घाटापलीकडे पायांऐवजी जीभ पळवायला शिकवतात वाटतं."

सगळा कळप हसला. ताईसुद्धा हसली.

"अगं, पाण्यावर लांडगा बसतो," आत्या जरा मवाळ होऊन म्हणाली. "तहानेने मरणारं एखादं मरतं. पाण्यावर गेलं तर अर्धा कळप जातो. तुला हे माहीत नाही, त्यात तुझा दोष नाही."

 पण हार मानायचा तिचा स्वभाव नव्हता. वाटेत प्यायचे नसेल तर निघण्याआधीच पोटभर प्यावे, म्हणजे दिवसभराची सोय झाली, असे तिने ठरवले. निघायच्या पहाटे बाकीच्यांनी डबक्यात जेमतेम तोंड ओले केले. ही मात्र पीत राहिली, पोटाचा नगारा होईपर्यंत पीत राहिली. नुकती शिंगे फुटलेला एक तरणा काळवीट तिला न्याहाळत म्हणाला, "चला, पखाल भरली. कुणाला तहान लागली तर हिला वाकवा." पुन्हा हशा पिकला. ताईने आपल्या पाडसाला चाटले, मागाहून येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या पायाशी ढकलले आणि कळप निघाला.

आणि मग हरिणीने जे पाहिले, त्याने तिचा रागच विरून गेला. आपले लोक धावतात कसे, हे तिने आजवर पाहिलेच नव्हते. पूर्वेकडे नुकते तांबडे फुटले होते. त्या उजेडात शेकडो खूर एकाच लयीत जमिनीवर पडत होते, आणि तरी आवाज यावा तसा येत नव्हता. मधूनच एखादे हरीण काही कारण नसताना उंच उडी घेई, क्षणभर हवेत थांबल्यासारखे दिसे आणि पुन्हा त्याच लयीत मिसळे. एकाने उडी घेतली की दुसऱ्याच्या अंगात ती लहर जाई, मग तिसऱ्याच्या. सगळा माळच जणू श्वास घेत होता. चितळांच्या जंगलात चार उड्यांवर झाड यायचे. इथे आभाळाखेरीज आडवे येणारे काही नव्हते. आपण अशांच्या पोटी जन्मलो, या विचाराने तिच्या अंगावर काटा आला.

पण ती ते फार वेळ पाहू शकली नाही. पोटातले पाणी प्रत्येक उडीबरोबर डचमळू लागले. आधी बरगडीखाली कळ आली, मग पाय जड झाले. ऊन चढायच्या आतच तिला उलटी झाली आणि पहाटे प्यालेले सगळे पाणी मातीत गेले. माती ते क्षणात पिऊन टाकून पुन्हा कोरडी झाली. कळप पुढे निघून गेला होता. फक्त ताई मागे वळली.

"तू जा," हरिणी म्हणाली.

"आई असती तर थांबली असती," ताई म्हणाली, आणि तिच्या शेजारी चालू लागली.

दुपार झाली. वारा पडला. दूरची टेकडी उन्हात वितळल्यासारखी हलत होती. दोघी आता खडकाळ रानात, त्या लांबच्या वळशात शिरल्या होत्या. खाली उजव्या हाताला ओढ्याची वाळू पांढरीफेक चमकत होती आणि करंजाचा हिरवा ठिपका दिसत होता. ताईने तिकडे पाहिले नाही. थोड्या वेळाने हरिणीच्या लक्षात आले, की ताई आता कुठेच पाहत नाही. तिचे नाक कोरडे पडून तडकले होते. डोळे आत गेले होते. माश्या डोळ्यांच्या कडांवर बसत होत्या आणि ती त्यांना उडवतही नव्हती. पाय सरळ पडत नव्हते.

"ताई, जरा थांबू या."

ताई थांबली. तिने हरिणीकडे असे पाहिले, जणू ओळखच नाही. मग अगदी लहान पाडसासारख्या आवाजात विचारले, "आई पुढे गेली का गं?"

हरिणी तिला खेटून उभी राहिली.

थोड्या अंतरावर, एका खडकाच्या सावलीत, एक कोल्हा येऊन बसला. त्याने पाय पसरले, शेपूट नीट आवरून घेतली.

"तू आमच्या मागे का लागला आहेस?" हरिणीने विचारले.

"मागे कुठे लागलोय? मी शेवटी येतो," कोल्हा म्हणाला. "दरवर्षीच येतो. सावकाश होऊ द्या, बायांनो. मला काही घाई नाही."

कोल्ह्याला मुळातच बोलायची हौस, आणि ज्याचे जेवण ठरलेले असते त्याला बोलायला सवडही असते. हरिणीने त्याला विचारले, की ओढ्यावर लांडगा आहे का. कोल्ह्याला हसू आवरेना.

"ओढ्यावर? तिथे बसून काय माश्या मारायच्या? तुमच्या म्हाताऱ्यांच्या लहानपणी बसायचा म्हणतात. पण आता तुमच्यातलं कोणी तिकडे फिरकतच नाही, मग तो तिथे ताटकळेल कशाला? तो पुढे उतारावर असतो, सावलीला पडून. वळसा घालून घालून तुमच्यातलं एखादं तिथवर येतं आणि आपणहून आडवं होतं. आधी तो जेवतो, मग मी. उठून पळावंसुद्धा लागत नाही."

हरिणीला ताईचे शब्द आठवले. आईने उतारापर्यंत मजल मारली होती. त्या उतारावरून ओढ्याची वाळू दिसत असली पाहिजे.

आता सरळ ओढ्याकडे जावे, असे तिचे मन सांगत होते. पण कोल्ह्याच्या बोलण्यावर भरवसा ठेवायचा कसा? तो खोटे बोलत असेल तर ती आपल्या हाताने ताईला लांडग्याच्या तोंडी देणार होती. आणि तो खरे बोलत असेल, तर उभ्या उभ्या जाणारा प्रत्येक क्षण ताईला संपवत होता. 

तेवढ्यात आभाळातून एक पखुर्डा उतरला. पखुर्डा म्हणजे मातीच्याच रंगाचा, कबुतराएवढा पक्षी. तो जमिनीवर बसला की शोधूनही सापडत नाही. तो समोरच्या झुडपापाशी उतरला आणि छाती पुढे काढून ताठ उभा राहिला. झुडपाखालची ढेकळे हलली. ती ढेकळे नव्हतीच, त्याची पिल्ले होती. ती धावत आली, त्याच्या पोटाखाली घुसली आणि त्याची पिसे चोचीत धरून ओढू लागली. हरिणी नकळत पुढे सरकली. पखुर्ड्याच्या पोटाची पिसे भिजलेली होती. तो कुठूनतरी पाण्यात बसून, पिसांत पाणी भरून, या रणरणत्या उन्हातून उडत आला होता, आणि पिल्ले एकेका पिसातून एकेक थेंब पीत होती.

हरिणीने घाटापलीकडे धबधबे पाहिले होते. पण पाण्याचे असे रूप तिने कधी पाहिले नव्हते. आजूबाजूला नजर पोचेल तिथवर तापलेला दगड होता, आणि त्याच्या मधोमध एका मूठभर पक्ष्याच्या छातीवर चार घोट पाणी थरथरत होते. तेवढ्यावर तीन जीव जगत होते.

"एवढंसं पुरतं यांना?" तिने हलक्या आवाजात विचारले.

"एका वेळी एवढंच मावतं," पखुर्डा मान न वळवता म्हणाला. "म्हणून पुन्हा पुन्हा जातो. ओरडायला लागली की उशीर झालेला असतो. त्याच्या आत परत यावं लागतं."

"कुठून आणतोस?"

"करंजाखालून. आणखी कुठून?"

"तिथे लांडगा नसतो?"

"असता तर ही पिल्लं असती का?" असे म्हणून त्याने पिसे झाडली आणि तो पुन्हा उडाला. तो उडाला तो थेट ओढ्याच्या दिशेने.

हरिणीला आणखी काही विचारायचे उरले नाही. तिने ताईच्या खांद्याला खांदा लावला आणि तिला उजवीकडे वळवू लागली. ताईला भान फारसे नव्हते, पण रीत तिच्या हाडात भिनली होती. तिने चारही पाय रोवले. "पाण्याकडे नाही," ती पुटपुटली. "आई गेली नाही. मी पण जाणार नाही."

"आई गेली असती," हरिणी म्हणाली, "तर आज तुझ्या पाडसाला आजी असती."

 ताईचे रोवलेले पाय सैल पडले.

दोघी खाली उतरल्या. करंजाखालचे डबके आता जेमतेम ओंजळभर उरले होते आणि पखुर्डे त्यात पोट भिजवत बसले होते. तेवढ्यात तोंड घातले तर पिल्लांचे पाणी संपले असते. हरिणी तशीच पुढे, वाळूच्या वळणावर गेली. तिथे एके ठिकाणी वाळू किंचित काळपट होती आणि तिच्यावर पिवळी फुलपाखरे दाटीने बसली होती. तिला घाटापलीकडचे हत्ती आठवले. तिने पुढच्या खुरांनी वाळू उकरायला सुरुवात केली. हत्तीच्या पायापुढे तिचे खूर ते केवढे! वरची वाळू चटके देत होती आणि उकरलेली पुन्हा आत ढासळत होती. ती उकरत राहिली. खालची वाळू गार लागली. मग ओली लागली. मग खड्ड्याच्या तळाशी, कुठूनही न आल्यासारखे, पाणी जमा होऊ लागले. आधी गढूळ, मग निवळ, आणि शेवटी त्यात आभाळाचा एक छोटासा तुकडा दिसू लागला.

ताईने तोंड घातले ते काढीचना. हरिणीला आपली पहाट आठवली. तिने डोक्याने ढुसणी देऊन ताईला मागे सारले.

"अगं पिऊ दे की," ताई कळवळून म्हणाली.

"प्यायचंच आहे. पण घोटाघोटाने. मी पहाटे एकदम प्याले, ते सगळं मातीत गेलं. थोडं पी, श्वास घे, मग परत थोडं पी."

मधल्या वेळात तिने ताईला काठावरच्या पांढऱ्या खारट मातीकडे नेले. हत्तीसुद्धा पाणी पिऊन झाले की अशी माती चाटताना तिने पाहिले होते. घामाबरोबर अंगातले मीठही निघून जाते, ते नुसत्या पाण्याने भरून येत नाही. दोघींनी खार चाटला, पुन्हा पाणी घेतले, करंजाच्या सावलीत उभ्या राहिल्या. ताईच्या नाकावर हळूहळू ओल आली. एक माशी तिच्या डोळ्यावर बसली आणि ताईने कान झटकून ती उडवून लावली. एवढ्याशा गोष्टीने हरिणीला जो आनंद झाला, तो सांगून समजायचा नाही.

वर खडकावर कोल्हा उठून उभा राहिला होता. त्याने लांबलचक जांभई दिली.

"शिकून आलेली दिसतेस," तो म्हणाला आणि उताराच्या दिशेने निघून गेला.

तिथून पुढे दोघी ओढ्याच्या पात्रातूनच गेल्या. ओढा शेवटी नदीलाच मिळणार होता. ती वाट सरळ होती आणि वळशापेक्षा कितीतरी जवळची. वाटेत जिथे काळपट वाळू दिसली तिथे त्या थांबल्या, उकरले, दोन घोट घेतले, पुढे निघाल्या. ऊन तेच होते, पाय तेच होते. पण हरिणीला पहाटेची ती लय पुन्हा सापडली, आणि एका वळणावर ताईने काही कारण नसताना उंच उडी घेतली.

दिवस मावळताना त्या डोहावर पोचल्या. कळप त्यांच्या आधी येऊन पोचला होता. पखालीची थट्टा करणारा तो तरणा काळवीट त्यांच्यात नव्हता. तो उतारावर पडला होता. या दोघीही गेल्या, असेच सगळ्यांनी धरले होते. आत्या पुढे आली. तिने हरिणीकडे पाहिलेही नाही. ती ताईजवळ गेली आणि तिने ताईचे नाक हुंगले. ते ओले होते.

"ओढ्यावर गेला होतात," आत्या म्हणाली.

"हो."

"लांडगा?"

हरिणीने कोल्ह्याने सांगितलेले सगळे सांगितले. पुष्कळ बोलता आले असते. काल ती बोललीही असती. पण आत्याचा चेहरा पाहून तिने तेवढ्यावरच थांबायचे ठरवले. आत्या डोहाकडे वळली.

"माझी आई त्या करंजाखाली गेली," ती म्हणाली. "पाण्यात तोंड होतं तिचं. मी तेव्हा नुकतं दूध सुटलेलं पाडस होते. म्होरकी झाल्यापासून मी एकालाही पाण्यावर मरू दिलं नाही." मग म्हणाली, "उतारावर किती गेले, ते कधी मोजलं नाही."

हरिणीला वाटले होते, आत्या हट्टी आहे. आता तिला समोर एक भेदरलेले पाडस दिसले, ज्याची एकट्याची भीती आता सगळा कळप वाहत होता. आणि तहानेने जीव कासावीस होत असतानाही, केवळ आपल्या म्होरकीच्या शब्दावर पाण्याकडे पाठ फिरवून धावणारा तो कळप! एवढे बळ तिने घाटापलीकडच्या कोणत्याही प्राण्यात पाहिले नव्हते. ते बळ चुकीच्या वाटेने धावत होते, एवढेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तेव्हा डोहावर धुके होते. काठावर हिरवेगार गवत होते. पलीकडे घाटाची निळी रेघ दिसत होती, आणि तिच्यामागे चितळांचे ते सावलीचे जंगल होते. तिने पाण्यात तोंड घातले, मोजके घोट घेतले आणि मान वर केली. ताई शेजारी येऊन उभी राहिली होती.

"परत जाणार आहेस ना?" ताईने विचारले. तिच्या आवाजात राग नव्हता. पाहुणी परत जाणारच, असे सगळ्यांनी धरले होते.

"हो, परत जाणार आहे," हरिणी म्हणाली, आणि तिने घाटाकडे पाठ केली. तिचे तोंड माळाकडे होते. "उद्या पहाटे तुझं पाडस निघेल. म्हातारे त्याला वळशाने आणतील. त्याच्या आत ओढ्याच्या प्रत्येक वळणावर खड्डा उकरून ठेवायला हवा. ऊन चढायच्या आधी पहिलं वळण गाठते."

"मी येते," ताई म्हणाली.

"तू अजून पाणी पी. थोडं थोडं."

ती चालू लागली. डोहाच्या वरच्या अंगाला, जिथे ओढा नदीला मिळतो, तिथे दोन वाटा फुटत होत्या. एक कळपाच्या खुरांनी वर्षानुवर्षे तुडवलेली, उताराकडे चढणारी. दुसरीकडे नुसती वाळू होती. तिथे आत्या उभी होती. तिचे पाय ओले होते आणि नाकही.

"तुझं कोणी ऐकायचं नाही," आत्या म्हणाली. "मी सांगितल्याशिवाय म्हातारे पाण्याला तोंड लावतील का?"

आणि ती पुढे निघाली. सवयीने तिचा एक पाय उताराच्या वाटेवर पडला. हरिणी थांबली. आत्याने क्षणभर त्या तुडवलेल्या वाटेकडे पाहिले, पाय मागे घेतला आणि वाळूत ठेवला.

तात्पर्य : उन्हातली लांबची धाव पुरी करायची, तर एकदम पिऊन चालत नाही आणि न पिऊनही चालत नाही, तहान लागायच्या आत घोटाघोटाने पाणी घ्यावे. आणि ज्या भीतीने एके काळी आपल्याला वाचवले, ती आजही खरी आहे का, हे वळसा घालण्याआधी एकदा जवळ जाऊन पाहावे.